छप्पर तसंच, पॅनल तसेच, मग दिराचं बिल कसं येतं?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. २०१९ मध्ये छपरावर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं, तेव्हापासून वर्षाचं बिल जवळपास नाहीच. हे बघून माझ्या धाकट्या दिराने २०२४ मध्ये ट्रेसी गावातल्या घरावर ७ किलोवॅट बसवलं. मीच मागे लागले होते की डोळे झाकून घे. त्याला अजून महिन्याला दीडशे-दोनशे डॉलर येतात, वर लोनचा हप्ता. पाडव्याला जेवायला आले तेव्हा जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की वहिनींच्या सांगण्यावरून आम्ही अडकलो. मला रात्रभर झोप नाही. दुसरं म्हणजे आम्ही ईव्ही घेतली आणि आमचंही बिल वाढलं. परवा दारावर एक सेल्समन आला, म्हणाला तुमचं जुनं नेट मीटरिंग तसंही बंद होणार, आत्ताच १० पॅनल वाढवून नवीन प्लॅनवर या. नवरा म्हणतो करून टाकू. काय करू? — फ्रीमाँटची वहिनी"

वहिनी, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याला घाई आहे. त्या माणसाच्या टॅबवर सही करू नका. आणि तुमच्या ह्यांनी ऑलरेडी केली असेल तर आजच कागद काढून तारीख बघा, दारावर येऊन केलेला करार कॅलिफोर्नियात ३ कामाच्या दिवसांत रद्द करता येतो, घरात सही करणारे ६५ किंवा त्याच्या पुढचे असतील तर ५ दिवस मिळतात. रद्द करायचं ते लेखी करा, फोनवर नुसतं "नको" म्हणून सोडू नका.

आता का ते सांगते. तुमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान सोलर वस्तू पॅनल नाहीये, इन्व्हर्टरही नाही, २०१९ मध्ये सिस्टिम चालू करायला जी परवानगी मिळाली, ज्याला परमिशन टू ऑपरेट म्हणतात, त्या कागदावरची तारीख आहे ती. त्या तारखेमुळे तुम्ही नेम टू मध्ये आहात, म्हणजे नेट मीटरिंगच्या त्या दुसऱ्या नियमात जिथे बाहेर दिलेल्या विजेचे जवळपास विकत घ्यायच्या भावाने क्रेडिट मिळतात. पीजी अँड ई या आपल्या वीज कंपनीच्या भागात नेम टू डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं आणि १४ एप्रिल २०२३ पर्यंत ज्यांचे अर्ज गेले त्यांना मिळालं, चालू झाल्यापासून २० वर्षांसाठी. म्हणजे तुमचं २०३९ पर्यंत आहे. सेल्समन म्हणाला "बंद होणार", तर ते नव्या लोकांसाठी २०२३ मध्येच बंद झालंय, तुमच्यासाठी नाही. घर विकलंत तरी उरलेली वर्षं नव्या मालकाला मिळतात, हे रिअल्टरलाही बऱ्याचदा माहीत नसतं.

पण एक अट आहे आणि तुमचा पाय तिथेच अडकणार होता. जुन्या सिस्टिममध्ये १० टक्के किंवा १ किलोवॅट, यातलं जे जास्त असेल तेवढीच वाढ चालते. तुमच्या ५ किलोवॅटला १ किलोवॅट, म्हणजे हल्लीचे ४०० वॅटवाले दोन पॅनल धरा. त्याच्या वर गेलात की फक्त नवीन पॅनल नाही, अख्खी सिस्टिम एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या नियमात जाते, जुने पॅनल सुद्धा. १० पॅनल म्हणजे ४ किलोवॅट. आणि एकदा गेलात की परत येता येत नाही.

थोडं गणित करू, आकडे ढोबळ आहेत पण अंदाज येईल. ५ किलोवॅट फ्रीमाँटला वर्षाला साधारण ८,००० युनिट देतं. दोघं नोकरी करणारे, मुलं शाळेत, म्हणजे त्यातले ६० टक्के तरी दिवसा बाहेर ग्रिडला जात असणार, ४,८०० युनिट. नेम टू मध्ये त्याचे तुम्हाला सरासरी ३५ सेंटच्या हिशोबाने क्रेडिट मिळतात असं धरू, झाले १,६८० डॉलर. नव्या नियमात तेच युनिट सरासरी ६ सेंटने गेले तर २८८. वर्षाला १,४०० च्या आसपास तोटा, २०३९ पर्यंत १३ वर्षं, म्हणजे १८,००० डॉलर.

आणि ईव्हीचा खर्च किती? वर्षाला १२,००० मैल चालवलीत तर साडेतीन हजार युनिट लागतात, रात्रीच्या स्वस्त दराने हजार-अकराशे डॉलर. नीट बघा वहिनी, गाडीची सगळी वीज विकत घेतलीत तरी जे जाईल त्याच्यापेक्षा जास्त पैसे नुसता जुना नियम सोडल्याने जातील, आणि त्या १० पॅनलचे पैसे वेगळेच. शिवाय ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट घराच्या सोलरला ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, त्यामुळे २०१९ मध्ये तुम्हाला टॅक्समधून जे परत मिळालं असेल तसं आता मिळणार नाही. सेल्समनने हे सांगितलं का? मला वाटत नाही.

मग करायचं काय, तर गाडीसाठी ईव्ही२-ए हा रेट प्लॅन बघा. त्यात रात्री १२ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत स्वस्त दर, ४ ते ९ सगळ्यात महाग आणि मधे थोडा मधला दर. गाडीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग १२ नंतर लावून ठेवा, विसरून जा. तुमचे पॅनल संध्याकाळी ४ नंतर जे काही थोडं पाठवतात त्याचे क्रेडिट महाग दराने मिळतात आणि गाडी स्वस्त दराने खाते, नेम टू वाल्यांना याच्यासारखं सोयीचं काही नाही. पॅनल वाढवायचेच असतील तर दोन बसवा, एवढ्या छोट्या कामाला यायला सगळे तयार होत नाहीत पण विचारून बघा. नॉन-एक्सपोर्ट म्हणूनही एक रस्ता असतो, वेगळी दुसरी सिस्टिम जी ग्रिडला काहीच पाठवत नाही, पण त्याची उपकरणं आणि परवानग्या वेगळ्या, तुमच्या साडेतीन हजार युनिटसाठी तो खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. बॅटरी जोडली तर नेम टू ला धक्का लागत नाही, पण तुम्हाला तिची गरज फक्त लाइट जाते म्हणून असेल, पैशासाठी नाही.

ह्यांना पटत नसेल तर ही १८,००० ची बेरीज कागदावर मांडून फ्रिजवर लावा.

आता मुख्य गोष्ट, जिने तुमची झोप उडवलीय.

जाऊबाईंना समजवायच्या आधी तुम्हाला स्वतःला समजायला हवं की काय बदललं. जुनं नेट मीटरिंग म्हणजे शेजारधर्माची वाटी. दुपारी तुमच्याकडे साखर जास्त आहे, शेजारी वाटीभर दिली, रात्री चहाला लागली की वाटीभर परत आणली, वर्षाअखेरीला हिशोब. नेम टू मध्ये त्या वाटीमागे दोन-तीन सेंटचा कर बसला आणि वेळेनुसार भाव आला, पण वाटी वाटीच राहिली. १५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने नवा नियम एकमताने मंजूर केला, लोक त्याला नेम थ्री म्हणतात पण कागदावरचं नाव नेट बिलिंग आहे, आणि नावातच सगळं आलं. आता वाटी नाही. दुपारी दिलेली साखर शेजारी घाऊक भावाने विकत घेतो आणि रात्री तुम्हाला लागली की दुकानाच्या भावाने विकतो. वसंतात भर दुपारी युनिटला चार-पाच सेंट सुद्धा मिळतात आणि संध्याकाळी तोच युनिट त्याच्या आठ-दहा पट. शिवाय त्याचा हिशोब दर महिन्याला भरायचा, तुमच्यासारखा वर्षातून एकदा नाही, त्यामुळे बिल डोळ्यासमोर दर महिन्याला येतं.

असं का केलं, तर आपल्याकडे लासलगावला कांद्याची आवक वाढली की जे होतं तेच. कॅलिफोर्नियात इतके पॅनल झालेत की मार्च-एप्रिलच्या दुपारी विजेला गिऱ्हाईक नसतं, घाऊक बाजारात भाव शून्याच्या खाली जातो, मोठ्या सोलर फार्मना सांगावं लागतं की बंद करा. आणि सूर्य मावळला की सगळे घरी, एसी, स्टोव्ह, गाड्या, एकदम मागणी चढते. ग्रिड चालवणाऱ्यांनी २०१३ मध्येच याचा आलेख काढला होता, बदकासारखा दिसतो म्हणून डक कर्व्ह म्हणतात. दुसरं कारण पैशाचं. तारा, खांब, वणवे टाळायचा खर्च हा सगळा युनिटच्या दरातून वसूल होतो, ज्याचं बिल शून्य त्याचा वाटा शेजाऱ्यावर पडतो असं कमिशनचं पब्लिक अ‍ॅडव्होकेट्स ऑफिस म्हणतं, त्यांनी २०२४ साठी साडेआठ अब्ज डॉलरचा आकडा दिला होता. सोलरवाले तो आकडा मानत नाहीत, म्हणतात आमच्यामुळे नवीन लाइन टाकायचा खर्च वाचला तो धरा की.

मला विचाराल तर दुपारच्या विजेची किंमत कमी झाली हे खरं आहे आणि ते कधीतरी भावात उतरणारच होतं. पण एका मध्यरात्रीत ७५ टक्के कपात, आदल्या दिवशी अर्ज गेला तर वाटी आणि दुसऱ्या दिवशी गेला तर घाऊक भाव, हे मला आजही बरोबर वाटत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे २०२३ नंतरही लोकांना जुन्या बिलांचे फोटो दाखवून सोलर विकलं गेलं. तुमच्या दिराला विकणाऱ्याने बॅटरीशिवाय ७ किलोवॅट दिलं, घरी दिवसा कोण असतं हे विचारलं होतं का? ही चूक विकणाऱ्याची. तुमची नाही.

तरी पण वहिनी, एक गोष्ट मनापासून सांगते, "माझी चूक नाही" हे वाक्य घेऊन ट्रेसीला जाऊ नका. जाऊबाई चारचौघात बोलल्या ते चुकलंच, पण त्यांच्या बोलण्यामागे दर महिन्याचा हप्ता आणि बिल आहे आणि समोर तुमचं शून्य. तुम्ही एवढंच म्हणा की मी माझा अनुभव सांगितला, नियम बदललाय हे मला माहीत नव्हतं, विचारून सांगायला हवं होतं, आता आपण मिळून बिल खाली आणू. आणि मग खरंच बसा त्यांच्यासोबत. शब्दांनी राग जायला वेळ लागतो, बिल १८० चं १०० झालं की पटकन जातो.

ट्रेसीला गेल्यावर काय करायचं ते सांगते. दिराच्या पीजी अँड ई अकाउंटमध्ये ग्रीन बटण म्हणून सोय आहे, तिथून तासातासाचा वापर डाउनलोड होतो. मागच्या उन्हाळ्यातला एक आठवडा आणि हिवाळ्यातला एक आठवडा काढा. त्याच्यात दोनच गोष्टी शोधायच्या, ४ ते ९ मध्ये किती युनिट विकत घेतले आणि सकाळी १० ते ३ मध्ये किती बाहेर गेले. तो ई-इलेक प्लॅनवर असणार, नव्या सोलरवाल्यांना तोच घ्यावा लागतो, त्यातही ४ ते ९ सगळ्यात महाग.

ट्रेसी म्हणजे उन्हाळ्यात शंभरच्या वर फॅरनहाइट, तेव्हा चोर कोण ते मला न बघता सांगता येईल, संध्याकाळचा एसी. माणसं साडेपाचला घरी येतात, घर भट्टी झालेलं असतं, मग एसी ९ पर्यंत जीव तोडून चालतो नेमका महाग वेळात, तर हे उलटं करायचं. दुपारी १२ ते ४ आपल्याच पॅनलवर घर ७२-७३ पर्यंत थंड करून ठेवायचं, थर्मोस्टॅटवर शेड्यूल लावायचं, आणि ४ वाजता ७८-७९ वर सोडायचं. पडदे बंद हवेत, पश्चिमेच्या खिडक्यांचे तर नक्कीच. घर चांगलं इन्सुलेटेड असेल तर साडेसात-आठपर्यंत निघतं. जे युनिट चार-पाच सेंटला बाहेर जात होते तेच आता घर गार करतायत. याला एक पैसाही लागत नाही, म्हणून आधी हे.

मग डिशवॉशर, वॉशर-ड्रायर, सगळ्यांना डिले स्टार्ट असतो, दुपारी १२ ला लावायचे. आपल्या घरातला सकाळचा स्वयंपाक तसाही होतो, पण इंडक्शनवर संध्याकाळच्या पोळ्या-भाजीचा वाटा मोठा नसतो हो, त्याच्या मागे लागून जाऊबाईंना वेळापत्रक लावू नका, तेवढ्याने काही होत नाही आणि भांडण मात्र नव्याने होईल. दीर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करत असेल आणि त्यांच्याकडेही ईव्ही असेल तर त्या दोन दुपारी गाडी चार्जला लावायची, हे तुमच्या उलट आहे बघा, तुम्ही रात्री १२ ला लावायची आणि त्याने दुपारी १२ ला. एकाच कुटुंबात दोन उलटे सल्ले, म्हणूनच तुमचं ऐकून त्याने तुमच्यासारखं वागलं तरी त्याचं बिल कमी झालं नाही.

बॅटरीचं विचारतील. १३-१४ युनिटची एक बॅटरी बसवून आता टॅक्स क्रेडिटशिवाय १३-१५ हजारांच्या घरात जाते. रोज १० युनिट दुपारचे संध्याकाळी वापरले, प्रत्येकी ४० सेंट वाचले, वर्षातले ३३० दिवस धरले तर १,३०० डॉलर. म्हणजे १०-११ वर्षांत फिटते आणि वॉरंटीही साधारण १० वर्षांची. म्हणून मी "घ्याच" म्हणणार नाही, "नको" पण नाही. वर सांगितलेले बदल करून दोन-तीन महिने जाऊ द्या, मग ४ ते ९ मध्ये किती युनिट उरतात ते बघून ठरवा, पाच-सहाच उरले तर एवढी बॅटरी अर्धी रिकामी पडून राहील. वणव्याच्या भीतीने त्यांच्याकडे लाइट बंद करतात का, घरात कोणाला औषधाचं मशीन लागतं का, ह्याची किंमत डॉलरमध्ये नसते, ती त्यांनी ठरवायची. बॅटरी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी काही तास असे असतात की बाहेर पाठवलेल्या युनिटला डॉलरच्याही वर मिळतात, पण ते मोजके तास, त्याच्यावर हिशोब मांडू नका. एक चांगली गोष्ट, २०२४ मध्ये जोडल्यामुळे त्याचे बाहेर पाठवायचे भाव ९ वर्षांसाठी ठरलेले आहेत, वाईट असतील पण आणखी वाईट होणार नाहीत.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल की आमचंही उद्या काढून घेतलं तर. भीती खोटी नाही. नेव्हाडात डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या ग्राहकांनाही नव्या दरात ढकललं होतं, लोक रस्त्यावर आले, २०१६ मध्ये जुन्यांना त्यांचा नियम परत द्यावा लागला आणि २०१७ मध्ये तर कायदा करून नेट मीटरिंग बऱ्याच अंशी परत आणलं. इकडेही २०२५ मध्ये असेंब्ली बिल ९४२ आलं होतं, मूळ मसुद्यात २० वर्षांची १० वर्षं करायची आणि घर विकलं की नव्या मालकाला नवा नियम असं होतं. लोकांनी आमदारांना इतके फोन आणि पत्रं केली की १० वर्षांची अट लवकरच गळली आणि त्या वर्षी तो कायदा झाला नाही. तुमच्या भागाच्या आमदाराचं ऑफिस माहीत करून ठेवा, अशा वेळी एक फोन मोजला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नेम थ्री ची केस परत खालच्या कोर्टाकडे पाठवली होती, कमिशनचं म्हणणं जरा कमी मान तुकवून तपासा म्हणून, पण दिराला त्या भरवशावर बसायला सांगू नका.

आणि बेस सर्व्हिस चार्ज म्हणून महिन्याला २४ डॉलर १५ सेंटची नवीन ओळ बिलात दिसली तर घाबरू नका, तो मे २०२४ चा निर्णय आहे, सोलर असो नसो सगळ्यांना लागतो, बदल्यात युनिटचा दर थोडा उतरतो. सोलरवाल्यांना तो जास्त टोचतो कारण आपण युनिट कमी घेतो. "शून्य बिल" हा शब्द आता आपल्या घरातून काढूनच टाका, तुमच्याही.

पुण्याचे सासू-सासरे फोनवर म्हणतात ना की आमचं तर पीएम सूर्यघरमध्ये झालं, ७८,००० सबसिडी मिळाली, तुमच्या अमेरिकेत कसलं बिल? तिथे अजून वाटीचाच हिशोब आहे, उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब होतो. त्यांचं ट्रेसीशी तुलना करणं थांबवा, दिराला ते रोज ऐकावं लागत असेल.

ट्रेसीला जाताना तुमच्याही परमिशन टू ऑपरेटच्या पत्राची एक कॉपी काढून फाइलला लावा आणि दिराचीही शोधायला लावा, त्यावरची तारीख बघा, अर्ज नक्की कधी गेला होता तेही बघा. त्याने अर्ज २०२४ मध्येच केला असेल तर प्रश्नच नाही, पण करार २०२३ च्या सुरुवातीला होऊन काम लांबलं असेल आणि अर्ज १४ एप्रिलच्या आत गेला असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी होते, मग आधी त्याच्यामागे लागू. तासातासाचे आकडे हाती आले की मला पाठवा, दोन आठवड्यांचे पुरेत, बॅटरीचं गणित जाऊबाईंच्या आकड्यांवर परत मांडून देते.